दुधातल्या लोहाचे चोर : कासदाह होतो तेव्हा आत काय चालतं?

दुधाला आपण पूर्णान्न म्हणतो. पण या पूर्णान्नात एक मोठी खोट आहे. लिटरभर गाईच्या दुधात पन्नासेक ग्रॅम साखर असते, तीस-बत्तीस ग्रॅम प्रथिनं असतात, सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आणि लोह? फार तर अर्धा मिलिग्रॅम, पुष्कळदा त्याहूनही कमी. वर्षाच्या आतल्या बाळाला नुसत्या गाईच्या दुधावर ठेवू नका असं बालरोगतज्ज्ञ बजावतात, त्यामागचं एक कारण हेच.

ही खोट गाईच्या मात्र पथ्यावर पडते. इतकं गोड, कोमट, पौष्टिक द्रव कासेत चोवीस तास साठलेलं असतं आणि सडाचं तोंड शेणामातीपासून वीतभर अंतरावर. जिवाणूंसाठी याहून चांगली पंगत कुठे मांडलेली असणार? तरीही बहुतेक गाईंची कास बहुतेक वेळ निरोगी राहते, याच्या अनेक कारणांपैकी एक म्हणजे ताटात सगळं वाढलेलं असलं तरी लोह जवळजवळ वाढलेलंच नसतं. आणि ज्या जिवाणूला या अशा ताटातूनही लोह उचलता येतं, तो पुढे गाईला आजारी पाडू शकतो.

अँटिबायोटिकना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या आणि दुधात उतरणाऱ्या औषधांच्या अंशांच्या बातम्या हल्ली सतत येतात. लहान बाळांच्या दूधपावडरच्या डब्यांवर ‘लॅक्टोफेरिनयुक्त’ असा शब्दही दिसू लागला आहे. या दोन्हींचा धागा चिमूटभर लोहाच्या या खेळाशी जोडलेला आहे.

आधी आजाराविषयी

कासदाह किंवा स्तनदाह म्हणजे कासेची सूज; इंग्रजीतला मस्टायटिस. कास दगडासारखी घट्ट होते म्हणून गोठ्यात याला ‘दगडी’ म्हणतात. हे झालं उघड दिसणारं रूप. दुसरं रूप सुप्त कासदाहाचं. दूध दिसायला नेहमीसारखं, गाय खाते-पिते, पण दूध हळूहळू कमी होत जातं आणि तपासणी केली तर एका मिलिलिटरमधल्या शरीरपेशींची संख्या दोन लाखांच्या वर गेलेली सापडते. या पेशी बहुतांशी पांढऱ्या पेशी, म्हणजे संसर्गाशी झुंजायला आलेली फौज. नुकसान या सुप्त रूपानेच जास्त होतं, कारण ते कळतच नाही.

गाईच्या कासेचे चार कप्पे आतून स्वतंत्र असतात. एक बिघडला तरी शेजारचा धड राहू शकतो. जिवाणू आत शिरतो तो सडाच्या टोकाच्या छिद्रातून, आणि शिरणारे साधारण दोन तऱ्हांचे असतात. काही एका गाईकडून दुसरीकडे जातात, धार काढणाऱ्याच्या हातातून, फडक्यातून, यंत्राच्या नळ्यांतून. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा त्यांतला नामचीन. काही शेणातून आणि ओल्या बिछान्यातून येतात, ई. कोलाय, क्लेबसिएला आणि स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस ही त्या गटातली नावं.

ई. कोलायने संशोधकांना बरीच वर्षं कोड्यात टाकलं होतं. माणसाला जुलाब लावणाऱ्या ई. कोलायमध्ये ठरावीक विषं आणि ठरावीक चिकटपट्ट्या सापडतात. कासदाहाच्या ई. कोलायमध्ये तसं सगळ्यांत सामाईक असं काही हाती लागेना. म्हणून शेणातला कुठलाही ई. कोलाय संधी मिळताच कासदाह घडवतो, दोष सारा स्वच्छतेचा आणि गाईच्या प्रतिकारशक्तीचा, असा समज रूढ झाला. तो समज पुरता खोटा नाही. पण अर्धवट आहे.

लोहात एवढं आहे तरी काय?

लोहाचा अणू इलेक्ट्रॉन सहज देतो आणि सहज घेतो. श्वसन म्हणजे शेवटी इलेक्ट्रॉनची हातोहात देवाणघेवाण, त्यामुळे त्या साखळीत जागोजागी लोह लागतं. नवीन डीएनए बनवण्याच्या एका कळीच्या पायरीलाही लागतं. लोह नाही तर वाढ नाही, आणि ज्याची संख्या अनुकूल स्थितीत वीस-तीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते, त्याला तर ते सतत हवं.

गंमत अशी की पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे पाच टक्के लोहच आहे. मग टंचाई कसली? टंचाई प्राणवायूची देणगी आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साचू लागला आणि समुद्रात विरघळलेलं लोह गंजून तळाशी बसलं. तेव्हापासून जिवांची गत समुद्रात बसून तहानेने व्याकूळ झालेल्या खलाशासारखी आहे. प्राणवायू मिसळलेल्या, आंबट नसलेल्या लिटरभर पाण्यात गंजरूपातल्या लोहाचे मोकळे आयन किती उरतात याचं गणित केलं तर उत्तर येतं सुमारे सहा लाख. आकडा मोठा वाटेल. पण एकट्या ई. कोलाय पेशीला जगून दुप्पट व्हायला साधारण तेवढ्याच, म्हणजे काही लाख ते दहा लाख अणूंची गरज असते. लिटरभर पाण्यात एका जिवाणूपुरतं लोह!

उलट बाजूही आहे. मोकळं लोह पेशीत जास्त झालं की ते हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडून अतिशय विध्वंसक कण तयार करतं. लोह घरात हवं आणि कुलपात हवं, ही गरज गाईचीही आणि जिवाणूचीही.

कुलूप कुणी घातलं?

१९४४ साली शेड आणि कॅरोलाइन या दोघांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यात जिवाणू वाढत नाहीत हे माहीत होतं. त्यांनी त्यात एकेक पोषकद्रव्य घालून पाहिलं. जीवनसत्त्वांनी काही फरक पडेना, लोह घातलं आणि जिवाणू वाढू लागले. पांढऱ्यातलं एक प्रथिन लोह पकडून बसलेलं होतं. दोन वर्षांनी रक्तातही त्याचं भावंड सापडलं. शत्रूला उपाशी ठेवून थोपवण्याच्या या रीतीला पुढे ‘पोषणातून प्रतिकार’ अशा अर्थाचं नाव पडलं.

दुधातलं असं प्रथिन म्हणजे लॅक्टोफेरिन. त्याच्या एका रेणूला दोन पकडी, प्रत्येक पकडीत लोहाचा एक अणू. पकड इतकी घट्ट की दूध आंबलं तरी ती सहजी सुटत नाही. शिवाय त्यातल्या बहुतेक पकडी रिकाम्या असतात, म्हणजे इकडेतिकडे लोह आढळलं तर उचलायला जागा तयारच. लॅक्टोफेरिन काही जिवाणूंच्या बाह्यकवचालाही इजा करतं, पण त्याचं मुख्य काम कुलपाचं.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. उपासमारीने जिवाणू बहुधा मरत नाहीत, थांबतात. कुलूप चोराला ठार करत नाही. ते वेळ मिळवून देतं, आणि त्या वेळात पांढऱ्या पेशी कासेत पोचल्या तर काम फत्ते होतं.

विहिरीत सोडलेला गळ

विहिरीत कळशी पडली की ती काढायला दोराला बांधलेला आकड्यांचा गळ सोडतात. जिवाणूंची युक्ती हुबेहूब तीच आहे. ते एक छोटा रेणू बनवून बाहेर सोडतात, तो लोहाला आकड्यांनी धरतो, आणि लोहासकट परत आला की जिवाणू त्याला आत ओढून घेतो. याला सायडरोफोर म्हणतात. मूळ ग्रीक, अर्थ ‘लोह वाहून नेणारा’.

ई. कोलायचा नावाजलेला गळ म्हणजे १९७० साली ओळखला गेलेला एंटरोबॅक्टिन. त्याला तीन हात, प्रत्येक हाताला दोन आकडे. सहाही बाजूंनी तो लोहाला असा कवटाळतो की निसर्गात आढळलेल्या सर्वांत घट्ट लोहपकडींत त्याची गणना होते. ताकदीच्या निव्वळ तुलनेत लॅक्टोफेरिन त्याच्यापुढे फिकं पडतं. इतकं घट्ट धरलेलं लोह पुन्हा सोडवायचं कसं? त्यासाठी पेशीच्या आत गेल्यावर जिवाणू तो गळ चक्क तोडून टाकतो. दर खेपेला नवा गळ. हे महागडं प्रकरण आहे, आणि जीव खरोखर टांगणीला लागल्याशिवाय कुणी एवढा खर्च करत नाही.

गायही गप्प बसत नाही. संसर्गाची चाहूल लागताच तिच्या पेशी लिपोकॅलिन-२ नावाचं प्रथिन सोडतात, आणि ते लोहाच्या मागे न लागता थेट गळच पकडतं. यावर काही जिवाणूंनी तोड काढली: गळाला साखरेचे दोन रेणू चिकटवायचे, म्हणजे तो लिपोकॅलिनच्या खोबणीत बसतच नाही. काहींनी एरोबॅक्टिनसारखे वेगळ्याच घडणीचे गळ बनवले. ही चढाओढ किती जुनी असेल कुणास ठाऊक. वाचताना मला तर ती कुलूपवाला आणि दरोडेखोर यांच्या पिढीजात वैरासारखी वाटते.

फुकटची गाडी

आता कासदाहाच्या कोड्याकडे परत येऊ, कारण ते ज्या गोष्टीने उलगडलं ती गळापेक्षाही साधी निघाली.

दुधात सायट्रेट असतं, म्हणजे लिंबात असतं ते सायट्रिक आम्ल, क्षाररूपात. लिटरला दीड-दोन ग्रॅम. दुधातलं कॅल्शियम नीट विखुरलेलं राहावं यासाठी ते लागतं, त्यामुळे दूध बनवणारी पेशी ते बनवतेच. सायट्रेटही लोहाला धरतं, पण सैल हाताने. रेणूंची मोजदाद केली तर दुभत्या गाईच्या दुधात लॅक्टोफेरिनच्या एका रेणूमागे सायट्रेटचे काही हजार रेणू पडतात. तिजोरी भक्कम आहे, पण एकच. आणि तिच्या भोवती हजारो लोक खिशात सुट्टे पैसे घेऊन हिंडताहेत. मग तिजोरी फोडायची गरजच काय?

काही ई. कोलायकडे नेमकी खिसेकापूची विद्या असते. ‘फेक’ नावाच्या जनुकसंचाने ही यंत्रणा तयार होते (मराठीत हे नाव विनोदी वाटतं, पण ते ‘फेरिक सायट्रेट’वरून आलं आहे). पेशीच्या बाहेरच्या आवरणात फेकए नावाचं एक दार असतं. लोह घेतलेलं सायट्रेट त्या दाराला टेकलं की दारावरची घंटा वाजावी तसा निरोप आतपर्यंत जातो आणि जिवाणू आणखी दारं बनवू लागतो. बाहेर लोह-सायट्रेट नसेल तर दारं बनवण्याचा खर्चही नाही.

यात एक मजेदार विसंगती आहे. प्रयोगशाळेत ई. कोलाय ओळखण्याची एक जुनी चाचणी अशी की खायला फक्त सायट्रेट दिलं तर तो त्यावर वाढत नाही. म्हणजे ज्या सायट्रेटच्या जिवावर तो कासेत माजतो, ते तो खात नाही. लोह तेवढं उतरवून घेतो. गाडीही गाईची, आणि गाडीतला मालही तिचाच. जिवाणूला गळ बनवण्याचा खर्चसुद्धा नाही.

२०१८ साली इस्राएलमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास या बाबतीत निर्णायक ठरला. त्यांनी कासदाह झालेल्या गाईंतून मिळवलेल्या ४० आणि गोठ्याच्या परिसरातल्या २२ ई. कोलायची संपूर्ण जनुकं शेजारी मांडून पाहिली. कासदाहवाल्या सगळ्यांत हमखास असलेला, पण परिसरातल्यांत तसा सरसकट न सापडणारा असा एकच जनुकसंच उरला: फेक. पुढची पायरी जास्त बोलकी. कासदाह घडवणाऱ्या एका जिवाणूचा फेक काढून टाकल्यावर त्याची आजार घडवण्याची ताकद जवळपास गेली. आणि ज्याला कासदाह जमत नव्हता अशा परिसरातल्या एका जिवाणूला फेक दिल्यावर त्याला ते जमू लागलं.

आपण रोगजंतू म्हटलं की विषाची कुपी घेऊन आलेला मारेकरी डोळ्यापुढे आणतो. इथे मारेकऱ्याची ओळख पटली ती त्याच्या जेवणाच्या डब्यावरून.

आटलेल्या कासेत चित्र का पालटतं?

विण्यापूर्वी साधारण दोन महिने गाय आटवतात. या भाकड काळात कासेतलं दूध शोषलं जातं आणि उरलेल्या द्रवात लॅक्टोफेरिन झपाट्याने वाढतं. दुधातल्या प्रमाणाच्या कित्येक पटींनी, कधी शंभरपटींपर्यंत. त्याच वेळी सायट्रेट उतरतं, कारण दूध बनवणंच बंद. म्हणजे तिजोऱ्या वाढल्या आणि रस्त्यावरचे सुट्टे पैसेवाले घरी गेले. सडाच्या तोंडाशी केराटिनचं, म्हणजे नखा-केसांत असतं त्या प्रथिनाचं, बूचही बसतं. या मधल्या काळात ई. कोलायला कासेत तग धरणं फार जड जातं.

पण दोन्ही टोकं नाजूक. आटवल्यानंतरचे पहिले काही दिवस लॅक्टोफेरिन अजून चढायचं असतं. आणि विण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत दूध बनण्याची तयारी सुरू होते, सायट्रेट वर येतं, लॅक्टोफेरिन पातळ होतं, बूच सैल पडतं. नव्या संसर्गांचा जोर याच दोन खिंडींत जास्त असतो असं अनुभवाने आणि मोजमापांनी दिसलं आहे. भर म्हणून, विण्याच्या सुमारास गाईच्या पांढऱ्या पेशीही मंदावलेल्या असतात. व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ई. कोलायचा कासदाह इतका भयंकर का होतो, एकाएकी ताप, पाण्यासारखं दूध, गाय बसकण मारते, याचं अर्धंअधिक उत्तर इथे आहे. उरलेलं उत्तर जिवाणूच्या कवचातल्या एंडोटॉक्सिन नावाच्या घटकाचं: जिवाणू मरताना तो सुटतो आणि गाईचं शरीरच बेफाम होऊन प्रतिक्रिया देतं.

मग ‘जहाल’ जिवाणू म्हणायचं कशाला?

इथे कुणीही हटकेल : जेवण मिळवणं ही सगळ्याच जिवांची गरज, तिला रोगकारकता कशी म्हणायची?

आक्षेप रास्त आहे, आणि संशोधकांतही यावर काथ्याकूट होतो. पण जिवाणू स्वतः या दोन गोष्टी वेगळ्या मानत नाहीत, असं त्यांच्या जनुकांवरून दिसतं. त्यांच्या पेशीत ‘फर’ नावाचं एक प्रथिन पहारेकऱ्याचं काम करतं. हाताला लोह लागलेलं असेतोवर फर डीएनएवर ठाण मांडून लोहचोरीची जनुकं बंद ठेवतो. लोह संपलं की तो जागा सोडतो, जनुकं चालू होतात. आणि याच पहाऱ्याखाली अनेक जिवाणूंनी हल्ल्याची हत्यारंही ठेवली आहेत. स्टॅफिलोकॉकसमध्ये रक्तपेशी फोडणारी काही विषं लोहाच्या टंचाईत जास्त बनतात.

याचा सर्वांत जुना दाखला गाईचा नाही, माणसांना होणाऱ्या घटसर्पाचा (डिप्थीरियाचा) आहे. भरपूर लोह घातलेल्या द्रावणात घटसर्पाचे जिवाणू वाढतात, पण विष बनवत नाहीत. लोह घटलं की विष सुरू होतं, हे १९३६ मध्येच दिसलं होतं. कारण उघड आहे. लोह संपत आलं ही जिवाणूसाठी ‘आपण कुणाच्या तरी शरीरात आहोत’ अशी खूण असते. बाहेरच्या जगात लोहाची इतकी कडेकोट टाळेबंदी क्वचितच असते.

तेव्हा भूक आणि हिंसा इथे एकाच कळीने चालू होतात. गाय लोह लपवते म्हणून जिवाणू उपाशी राहतो, आणि उपाशी राहिला म्हणून चवताळतो. गाईचं संरक्षण हीच त्याच्यासाठी हल्ल्याची सूचना ठरते, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत अस्वस्थ करणारं सत्य वाटतं.

सगळेच लोहाच्या मागे असतात का?

नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियसकडे सायट्रेटच्याच घडणीवर बेतलेले स्वतःचे गळ आहेत, पण त्याची आवड निराळी: रक्तातलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये बसवलेलं लोह. विषांनी तांबड्या पेशी फोडायच्या आणि आपल्या कवचात बसवलेल्या प्रथिनांच्या साखळीवरून हीम हातोहात आत सरकवायचं, अशी त्याची पद्धत. २००४ साली हेही दाखवलं गेलं की समोर दोन्ही पर्याय असले तर तो आधी हीमकडे वळतो. सुजलेल्या कासेत रक्त झिरपू लागलं की त्याचं फावतं.

स्ट्रेप्टोकॉकस युबेरिसने तर खेळच बदलला. त्याला लोहाची फारशी फिकीर नाही. लॅक्टोफेरिन ओतलं तरी तो विशेष बिचकत नाही. त्याचं अडतं मँगेनीजवर. मँगेनीज आत घेणारं एमटीयूए नावाचं प्रथिन काढून टाकलं की तो दुधात वाढू शकत नाही आणि गाईला संसर्गही करू शकत नाही. डासांच्या नव्हे तर गोचिडीच्या चाव्यातून पसरणाऱ्या लाइम रोगाचा जिवाणू याहून पुढे गेलेला: त्याने लोहाशिवाय जगायची सोय करून घेतली आहे. कुलूप कितीही भारी असो, तिजोरीतली वस्तू ज्याला नकोच आहे त्याचं ते काय बिघडवणार?

म्हणून ‘लोह बंद, कासदाह बंद’ असा सरळ हिशेब कुणी मांडला तर तो चुकीचा समजावा.

मग गाईच्या खाण्यातलंच लोह कमी केलं तर?

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर: त्याने काही साधत नाही. दुधात किती लोह उतरायचं हे कास स्वतः ठरवते; चाऱ्यातलं लोह कमी-जास्त केल्याने दुधातलं प्रमाण फारसं हलत नाही. उलट पांढऱ्या पेशींना स्वतःच्या कामासाठी लोह, तांबं, जस्त, सेलेनियम हे सगळं लागतं, तेव्हा उपाशी ठेवण्याच्या नादात फौजच उपाशी राहायची.

याच नाण्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. जोराचा संसर्ग झाला की यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि रक्तातलं लोह काही तासांतच उतरतं. ते शरीराबाहेर गेलेलं नसतं, साठ्यात कुलूपबंद झालेलं असतं. अशा वेळी रक्ताच्या अहवालातलं घटलेलं लोह पाहून ‘अशक्तपणा आलाय, लोहाचं इंजेक्शन द्या’ म्हणणं म्हणजे पहारेकऱ्याने लावलेलं दार आपणच उघडून देण्यासारखं. खरा रक्तक्षय वेगळा आणि हा पवित्रा वेगळा. कोणता आहे ते पशुवैद्यकाने ठरवायचं.

लोह धरून ठेवणारं औषध का देत नाहीत?

दिलं तर अंगलट येऊ शकतं, आणि याचा धडा माणसांवरच्या उपचारांतून मिळाला आहे. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांच्या शरीरात वारंवार रक्त चढवल्याने साठलेलं जादा लोह काढायला डेफेरोक्सामिन वापरतात. हे औषध मुळात एका मातीतल्या जिवाणूचा गळच आहे. काही रुग्णांमध्ये असं झालं की यर्सिनिया नावाच्या जिवाणूने हा परका गळ आपलाच समजून वापरला आणि संसर्ग बळावला. स्टॅफिलोकॉकस ऑरियसलाही हा गळ ओढून घेता येतो. लोह पकडून ठेवायला पाठवलेला रेणूच चोराचा हमाल झाला.

लॅक्टोफेरिन बाहेरून द्यावं, तर दुभत्या कासेत समोर सायट्रेटचा पूर असतो. आणि प्रयोगशाळेतल्या नळीत जे दिसतं ते जिवंत शरीरात दिसेलच असं नाही. माणसाच्या दुधात गाईच्या दुधाहून दहापटींपेक्षा जास्त लॅक्टोफेरिन असतं, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना गाईचं लॅक्टोफेरिन दिल्याने संसर्ग टळतील अशी मोठी आशा होती. ब्रिटनमध्ये २,२०० हून अधिक बाळांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१९ साली आला: संसर्ग कमी झाले नाहीत. डब्यावरचा तो शब्द वाचताना एवढं आठवलेलं बरं.

राहिली लस. कल्पना सुबक आहे: जिवाणूला लोहासाठी दारं उघडावीच लागतात, तर प्रतिपिंडांनी ती दारंच बुजवावीत. फेकए टोचून गाईंवर प्रयोग झाले. प्रतिपिंडं भरपूर तयार झाली, नंतर ई. कोलाय कासेत सोडल्यावर आजाराच्या तीव्रतेत मात्र विशेष फरक पडला नाही. निरोगी दुधात प्रतिपिंडं मुळातच कमी असतात, सूज आल्यावर ती रक्तातून झिरपतात आणि तोवर जिवाणूने बाजी मारलेली असते. शिवाय एक दार बंद झालं तर त्याच्याकडे दुसरी चार असतात. म्हणून अमेरिकेत आलेल्या काही लसींमध्ये एकाच वेळी अनेक लोह-दारांची प्रथिनं घातलेली असतात. त्यांचे निकाल काही चाचण्यांत उत्साह वाढवणारे, काहींत बेताचे.

सर्वांत चलाख प्रयत्न मला वाटतो तो आमिषात लपवलेल्या गळाचा. जिवाणू लोहासाठी हपापलेला आहे ना, मग लोह धरणाऱ्या आकड्यालाच अँटिबायोटिक जोडायचं. जिवाणू स्वतःच्या हातांनी विष आत ओढून घेतो. सेफिडेरोकॉल हे असं औषध, अमेरिकेत २०१९च्या नोव्हेंबरमध्ये माणसांसाठी मंजूर झालेलं. इतर औषधं थकलेल्या रुग्णांसाठी ते जपून ठेवलेलं आहे आणि गाईंना ते देण्याचा विचारही कुणी करू नये; जिवाणूंनी दारांची घडण बदलून त्यालाही चुकवायला सुरुवात केली आहे.

आणि सायट्रेट? ते काढून टाकता आलं तर ई. कोलायची फुकटची गाडी बंद होईल. पण सायट्रेटशिवाय कॅल्शियम सांभाळलं जाणार नाही, आणि दूध दूध राहणार नाही. गाय जोवर दुभती आहे तोवर ती गाडी कासेत धावणारच. तेव्हा गाठायचं तर जिवाणूला सडाच्या बाहेरच गाठलं पाहिजे. धार काढून झाल्यावर सडाचं छिद्र लगेच मिटत नाही. अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ ते सैल असतं. म्हणून धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवतात आणि गाईपुढे चारा टाकतात, म्हणजे तेवढा वेळ ती उभी राहते आणि उघडं छिद्र ओल्या शेणाला टेकत नाही.